साक्ष कोणाची, आणि केव्हा? वॉटरगेट समितीतील तारखांचे भांडण (थ्रेड)

१६ जुलै १९७३, सोमवार. वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या जुन्या कार्यालयीन इमारतीतील कॉकस रूममध्ये वॉटरगेट समितीची सुनावणी चालू होती. दुपारच्या सत्रात साक्षीदाराच्या टेबलापाशी एक अनपेक्षित गृहस्थ येऊन बसले. अलेक्झांडर बटरफील्ड हे तेव्हा अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचे प्रमुख होते. त्यापूर्वी चार वर्षे ते व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचे साहाय्यक होते.

ओव्हल ऑफिसात संभाषणे टिपणारी यंत्रे बसवली होती हे आपणांस ठाऊक होते काय, असा प्रश्न त्यांना विचारण्यात आला. ठाऊक होते, असे त्यांनी सांगितले. सारी साक्ष जेमतेम अर्ध्या तासाची. तिच्यातून ध्वनिफितींचा शोध लागला आणि पुढच्या वर्षी निक्सन यांना पद सोडावे लागले, हा भाग बहुतेकांच्या वाचनात आलेला असतो.

त्या सोमवारची एक बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. दुसऱ्याच दिवशी बटरफील्ड शासकीय कामासाठी सोव्हिएत संघाला निघणार होते. ते त्या सोमवारीच तेथे बसले यामागे दोन महिने चाललेले एक रुक्ष भांडण होते: कोणत्या साक्षीदाराला कोणत्या क्रमाने आणि कोणत्या तारखेस बोलवावे. समिती, विशेष अभियोक्ता, न्यायालय, व्हाइट हाउस आणि साक्षीदारांचे वकील हे सारेच त्या भांडणात होते. हा थ्रेड त्या भांडणाविषयी.

आधी थोडी पार्श्वभूमी. १७ जून १९७२ च्या पहाटे वॉटरगेट संकुलातील डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय कार्यालयात शिरलेल्या पाच जणांना पोलिसांनी पकडले. त्यांपैकी जेम्स मॅकॉर्ड हे निक्सन यांच्या पुनर्निवडणूक समितीचे सुरक्षाप्रमुख होते. नोव्हेंबरात निक्सन ५० पैकी ४९ राज्ये जिंकून पुन्हा निवडून आले आणि प्रकरण विझल्यासारखे वाटले. ७ फेब्रुवारी १९७३ रोजी सिनेटने ७७ विरुद्ध ० मतांनी चौकशी समिती नेमली.

सात सदस्य. चार डेमोक्रॅट: अध्यक्ष सॅम अर्विन, हर्मन टॅल्मज, डॅनियल इनोये, जोसेफ माँटोया. तीन रिपब्लिकन: उपाध्यक्ष हॉवर्ड बेकर, एडवर्ड गर्नी, लोवेल वायकर. मुख्य वकील सॅम्युअल डॅश हे जॉर्जटाउन विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक, तर रिपब्लिकन बाजूचे वकील फ्रेड थॉम्पसन.

भारतीय वाचकाने येथे एक फरक ध्यानात ठेवावा. आपल्याकडे लोकसभेच्या समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. तेथे मात्र कॅमेरे लावलेले होते. सुरुवातीस तिन्ही मोठ्या दूरचित्रवाणी कंपन्या सुनावणी थेट दाखवीत, पुढे त्यांनी पाळ्या लावून घेतल्या. कोणाची साक्ष कोणत्या दिवशी, याचा अर्थ देशाला कोणती गोष्ट आधी ऐकू येणार आणि कोणती नंतर, असाही होता.

पहिला वाद क्रमाचाच झाला. बड्या असामींना प्रथम बोलवावे आणि प्रकरण लवकर मार्गी लावावे, असे बेकर यांचे मत. हॉल्डमन आणि अर्लिकमन हे निक्सन यांचे दोन सर्वांत जवळचे सहकारी. त्यांनी ३० एप्रिलला राजीनामे दिलेले होते. त्यांनाच का न विचारावे? वरवर पाहता हे म्हणणे रास्त होते.

डॅश यांनी ते मानले नाही. त्यांचा आग्रह असा, की आधी कारकून, सचिव, हिशेबनीस, पोलीस, दुय्यम साहाय्यक अशी आसपासची माणसे ऐकावीत. पैसा कोणत्या खणातून निघाला, कोणाची चिठ्ठी कोणाकडे गेली, दालनाच्या दारावर कोण बसे, हे नोंदले जावे. मग बड्यांना बोलवावे. हाती काही नसताना हॉल्डमनसारख्या मुरब्बी माणसाला प्रश्न विचारले, तर तो सांगेल तेवढेच ऐकून घ्यावे लागेल. अर्विन डॅश यांच्या बाजूने उभे राहिले.

परिणामी १७ मे रोजी पहिल्या दिवशी देशाने जे पाहिले ते अगदीच कंटाळवाणे होते. पहिले साक्षीदार रॉबर्ट ओडल. त्यांनी पुनर्निवडणूक समितीच्या रचनेचा तक्ता समजावून सांगितला: कोण कोणाच्या हाताखाली, कोणाचे दालन कोठे. थरारक काही ऐकण्याच्या अपेक्षेने बसलेल्यांची निराशा झाली. दुसऱ्या दिवशी मॅकॉर्ड आले तेव्हा कोठे रंग भरला. तरीही तो पहिला रटाळ दिवस हा डॅश यांच्या पद्धतीचा नमुनाच होता, आणि हीच पद्धत पुढे फळाला आली.

१८ मे रोजीच, म्हणजे मॅकॉर्ड यांच्या साक्षीच्या दिवशी, आर्चिबाल्ड कॉक्स यांचे नाव विशेष अभियोक्ता म्हणून जाहीर झाले. कॉक्स हार्वर्डचे प्राध्यापक होते आणि पूर्वी सॉलिसिटर जनरल राहिलेले. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्यास जागा नाही. आणि चौकशी थांबवण्याची मागणी केली ती त्यांनीच.

जूनच्या आरंभी कॉक्स यांनी अर्विन यांना विनंती केली, की उघड सुनावणी एक ते तीन महिने पुढे ढकलावी. त्यांची भीती फौजदारी वकिलाची होती. साक्षीदार एकमेकांचे ऐकून आपापली कथा जुळवून घेतील. इतका गाजावाजा झाल्यावर निःपक्षपाती ज्यूरी मिळणे कठीण होईल. आणि ज्यांना समिती संरक्षण देऊन बोलते करील, त्यांच्यावर पुढे खटला चालवणे जवळजवळ अशक्य होईल.

ही भीती पोकळ नव्हती. १९५१ साली बॉस्टनमधील डेनिस डेलनी नावाच्या कर अधिकाऱ्यावर आरोपपत्र दाखल झाल्यावर काँग्रेसच्या एका उपसमितीने त्याच्या प्रकरणाची उघड सुनावणी घेतली. त्याला शिक्षा झाली. १९५२ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने ती रद्द केली: काँग्रेसला सुनावणी घ्यायची असेल तर तिने घ्यावी, पण मग तो धुरळा खाली बसेपर्यंत खटला थांबला पाहिजे.

समितीने कॉक्स यांची विनंती एकमताने फेटाळली. एकदोघांना तुरुंगात पाठवण्यापेक्षा जनतेला सत्य कळणे अधिक महत्त्वाचे, असा अर्विन यांचा पवित्रा होता. हे बोलणारे गृहस्थ उत्तर कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयावर न्यायाधीश राहिलेले होते, हे विसरू नये. खटल्याची किंमत त्यांना पुरेपूर ठाऊक होती.

कॉक्स मग न्यायाधीश जॉन सिरिका यांच्याकडे गेले. येथे १९७० च्या एका कायद्याचे वेळापत्रक समजून घ्यावे लागते, कारण सारा डाव त्याच्यावर खेळला गेला.

साक्षीदार जर स्वतःविरुद्ध पुरावा देण्यास नकार देत असेल, तर समिती त्याला बोलायला भाग पाडू शकते. मात्र त्या साक्षीचा त्याच्याविरुद्ध वापर करता येत नाही. असा आदेश मागण्यासाठी समितीच्या दोनतृतीयांश सदस्यांचे मत लागते. अ‍ॅटर्नी जनरलला किमान दहा दिवस आधी सूचना द्यावी लागते. त्याने मागितल्यास न्यायालय आणखी वीस दिवसांपर्यंत आदेश लांबवते. तेवढ्या अवधीत सरकारी वकिलांनी आपला स्वतंत्र पुरावा जमवून मोहोरबंद करून ठेवावा, म्हणजे तो साक्षीतून मिळाला नाही हे पुढे दाखवता येते. एकूण तीस दिवस. सरकार पक्षाला तारीख ढकलण्याची कायद्याने दिलेली मुदत एवढीच.

ज्यांच्यासाठी हा आदेश मागितला होता त्यांत दोन नावे मोठी होती: पुनर्निवडणूक समितीचे उपप्रमुख जेब मॅग्रुडर आणि निक्सन यांचे माजी विधिसल्लागार जॉन डीन. कॉक्स यांनी सिरिकांना सुचवले, की संरक्षण द्यायचेच असेल तर निदान अशा साक्षी रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरून जाऊ नयेत अशी अट घालावी. १२ जून रोजी सिरिका यांनी निर्णय दिला: कायद्याने सांगितलेल्या पायऱ्या समितीने पूर्ण केल्या आहेत, तेव्हा आदेश देणे एवढेच न्यायालयाच्या हाती आहे. समितीने साक्ष कधी आणि कशी घ्यावी हे ठरवण्याचा अधिकार न्यायालयाला नाही. दोन दिवसांनी, १४ जूनला, मॅग्रुडर यांनी साक्ष दिली.

त्याच आठवड्यात आणखी एक वकील तारखेवरून भांडत होता. निक्सन यांच्या निवडणूक निधीचे प्रमुख मॉरिस स्टॅन्स यांच्यावर १० मे रोजी न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्याच एका प्रकरणात आरोपपत्र दाखल झाले होते. त्या खटल्याआधी त्यांना लोकांसमोर बसवणे अन्यायाचे, असे त्यांच्या वकिलाने सांगितले. अर्विन यांनी हरकत फेटाळली. न्यूयॉर्कच्या प्रकरणाविषयी काही विचारायचे नाही एवढी मर्यादा पाळली. स्टॅन्स बोलले, आणि पुढे एप्रिल १९७४ मध्ये त्या खटल्यातून निर्दोष सुटले. कॉक्स यांची भीती निदान येथे तरी खरी ठरली नाही.

आता डीन यांची पाळी होती. राष्ट्राध्यक्ष स्वतः या लपवाछपवीत सामील होते असे सांगणारा आतला माणूस हाच. साक्ष १८ जूनच्या आठवड्यात व्हायची होती. १६ जूनला बंद खोलीत प्राथमिक जबानीही झाली. आणि नेमक्या त्याच वेळी सोव्हिएत नेते लिओनिद ब्रेझनेव्ह अमेरिकेत दाखल झाले.

परराष्ट्राचा पाहुणा घरात असताना यजमानाची अशी उघडी चौकशी बरी दिसणार नाही, असे सिनेटमधील दोन्ही पक्षनेत्यांचे, माइक मॅन्सफील्ड आणि ह्यू स्कॉट यांचे मत पडले. समितीने आठवडाभर कामकाज थांबवले. सातांपैकी एकट्या वायकर यांनी विरोधी मत दिले. वायकर रिपब्लिकन होते, हे विशेष.

सौजन्याचा भाग सोडला तर त्या आठवड्याने नुकसानच केले. बंद खोलीतील जबानी लगेच वर्तमानपत्रांत पाझरू लागली. निवडणूक निधीतल्या चार हजारांहून अधिक डॉलरना डीन यांनी खासगी खर्चासाठी हात लावला होता, ही त्यांची स्वतःची कबुली त्यांच्या साक्षीच्या आधी बाहेर आली. साक्षीदाराचे तोंड उघडण्याआधी त्याची पत घालवायला सात दिवस पुरेसे असतात. ब्रेझनेव्ह यांच्यासाठी डीन थांबले. कुजबुज काही थांबली नाही.

२५ जून रोजी डीन बसले आणि २४५ पानांचे निवेदन दिवसभर एकसुरी आवाजात वाचत राहिले. त्या पानांत एक किरकोळ वाटणारी नोंद होती. १५ एप्रिलच्या भेटीत निक्सन एका क्षणी उठून खोलीच्या कोपऱ्यात गेले आणि अगदी हलक्या आवाजात बोलले. त्यामुळे हे संभाषण कोठेतरी टिपले जात असावे, अशी शंका डीन यांना आली होती.

बेकर यांनी डीन यांना विचारलेला प्रश्न आजही उद्धृत केला जातो: राष्ट्राध्यक्षांना काय माहीत होते, आणि ते केव्हा कळले? पण त्या घडीला उत्तर कोणाकडेच नव्हते. एका माजी साहाय्यकाचा शब्द एका बाजूला, राष्ट्राध्यक्षाचा दुसऱ्या बाजूला. प्रकरण येथेच अडकले असते. अनेक चौकशा येथेच अडकतात.

डॅश यांची यादी मात्र पुढे सरकत होती. जुलैअखेर हॉल्डमन यांची साक्ष होणार होती. त्याआधी त्यांच्या दालनाची कार्यपद्धती समजावी म्हणून त्यांच्या हाताखालच्यांना बोलावून विचारपूस चालली होती. बटरफील्ड यांचे नाव त्या यादीत आले ते एवढ्याचसाठी. त्यांच्याविषयी कसलाही संशय नव्हता.

शुक्रवार, १३ जुलै. बंद खोलीत समितीचे कर्मचारी त्यांना तासन्‌तास प्रश्न विचारत होते. व्हाइट हाउसच्या वकिलांनी निक्सन आणि डीन यांच्या भेटींचा जो गोषवारा रिपब्लिकन बाजूला कळवला होता, तो त्यांना दाखवण्यात आला. इतका तपशील कोणाच्या स्मरणातून आला असेल? मग रिपब्लिकन बाजूचे डोनाल्ड सँडर्स यांनी डीन यांच्या त्या शंकेला काही आधार आहे का, असे विचारले. हा प्रश्न कोणी विचारू नये अशी बटरफील्ड यांची इच्छा होती. पण विचारल्यावर त्यांनी खोटे सांगितले नाही.

आता तारखेचा प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी तो खरोखर निकराचा होता. मंगळवारी बटरफील्ड देशाबाहेर जाणार. परत आल्यावर सवडीने बोलवावे काय? रविवारी ते स्वतः बेकर यांना भेटले. ही गोष्ट आपल्या तोंडून यावी असे त्यांना वाटत नव्हते. थॉम्पसन यांनी दरम्यान व्हाइट हाउसच्या वकिलांना गुपचूप कल्पना दिली होती, हे त्यांनीच पुढे आपल्या पुस्तकात मान्य केले. निक्सन न्यूमोनियाने आजारी होते आणि बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात होते.

थांबण्याचा धोका उघड होता. ध्वनिफिती अस्तित्वात आहेत हे जगाला ठाऊक नव्हते आणि त्यांच्यासाठी कोणतेही समन्स निघालेले नव्हते. त्या नष्ट झाल्या असत्या तर काय नष्ट झाले हेही कोणाला कळले नसते. पुढे गौप्यस्फोट झाल्यावरदेखील त्या नष्ट कराव्यात काय, यावर निक्सन यांच्या सल्लागारांत दोन तट पडले. दोन-तीन आठवड्यांची सवड मिळाली असती, तर तो वाद कोठे गेला असता?

सोमवारी सकाळी बटरफील्ड केशकर्तनालयात खुर्चीत बसले असताना समितीचा निरोप आला, की दुपारी साक्षीस यावे. त्यांनी नकार दिला. न आल्यास मार्शल पाठवून आणवू, असे उत्तर मिळाले. ते आले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

२३ जुलैला समितीने आणि कॉक्स यांनी, दोघांनीही, ध्वनिफितींसाठी समन्स काढले. समितीचा दावा पुढे न्यायालयात टिकला नाही; अभियोक्त्यांचा टिकला. या फितींवरचा आग्रह न सोडल्यामुळे २० ऑक्टोबरला कॉक्स यांना पदावरून काढण्यात आले. २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० असा निकाल दिला आणि ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले.

कॉक्स यांनी जूनच्या आरंभी मागितलेली तीन महिन्यांची मुदत सप्टेंबरमध्ये संपली असती. १६ जुलै हा दिवस त्या मुदतीच्या अगदी मध्यावर येतो. ज्या पुराव्यासाठी कॉक्स यांनी पुढे आपले पद पणाला लावले, तो ज्या सुनावणीतून निघाला ती थांबवण्यासाठीच ते धडपडले होते. आणि बेकर यांच्या म्हणण्यानुसार बड्यांची साक्ष मे महिन्यात उरकली असती, तर हॉल्डमन यांच्या दालनाविषयी त्यांच्या साहाय्यकाला जुलैत विचारण्याचे कारणच उरले नसते.

तरीही कॉक्स चुकले असे म्हणून मोकळे होता येत नाही. वॉटरगेटचे खटले वाचले, कारण अभियोक्त्यांनी आपला पुरावा वेळेत मोहोरबंद केला होता आणि मॅग्रुडर व डीन या दोघांनी पुढे गुन्हा कबूल केला. प्रत्येक वेळी नशीब एवढे उदार नसते.

चौदा वर्षांनी इराण-काँट्रा प्रकरणात तोच पेच पुन्हा आला. या वेळी समित्यांनी स्वतंत्र अभियोक्ता लॉरेन्स वॉल्श यांना थोडी मुदत दिली. मात्र ऑलिव्हर नॉर्थ यांच्या वकिलाने साक्षीपूर्वीच्या बंद चौकशीवर मर्यादा घालून घेतल्या, आणि समित्यांना स्वतःच ठरवलेली अखेरची तारीख गाठायची होती. जुलै १९८७ मध्ये सहा दिवस नॉर्थ देशभर दिसत राहिले.

वॉल्श यांच्या माणसांनी पुरावा आधीच मोहोरबंद केला होता. ती साक्ष चुकूनही कानांवर पडू नये म्हणून ते वर्तमानपत्रे आणि दूरचित्रवाणी यांपासूनही दूर राहिले. नॉर्थ यांना शिक्षा झाली. पण अभियोक्त्यांनी डोळे झाकले तरी खटल्यातील साक्षीदारांनी ती साक्ष पाहिलेली होती. तिचा रंग त्यांच्या जबानीला चढला नाही हे कसे दाखवणार? १९९० मध्ये अपिलाच्या न्यायालयाने शिक्षा उठवली आणि सप्टेंबर १९९१ मध्ये वॉल्श यांनी स्वतःच उरलेले आरोप मागे घेतले.